मुक्या रुग्णाचा निरोप

गुरांचा डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला भ्रमणध्वनीचा काय उपयोग, असे कोणी विचारले तर पुष्कळ पालक हसतील. त्यांच्या दृष्टीने भ्रमणध्वनी हा अभ्यासाचा शत्रू, आणि गुरांचा डॉक्टर म्हणजे सुई टोचणारा व गाय अडली म्हणजे बाही सारून पुढे होणारा गृहस्थ. दोन्ही समजुतींत थोडेफार तथ्य आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु गेल्या काही वर्षांत या दोन गोष्टींची गाठ पडली आहे, आणि ती कोठे व कशी पडली हे समजून घेणे आपल्या सीमाभागातील मुलामुलींना अगत्याचे आहे. म्हणून या विषयावर चार शब्द लिहीत आहोत.

गोदावरीकाठचे बासर हे गाव आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असेल. ज्ञानसरस्वतीच्या देवळात लहान मुलांचा अक्षराभ्यास करविण्यासाठी महाराष्ट्रातूनही कितीतरी कुटुंबे तेथे जातात. धर्माबादहून आगगाडीत बसले की बासर यावयास फारसा वेळ लागत नाही. आज हे गाव तेलंगणाच्या निर्मल जिल्ह्यात आहे. २०१६ च्या ऑक्टोबरपर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे आणि जुनी मंडळी अजून तसेच म्हणतात. त्याच्याही मागे गेलो तर मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी नांदेड जिल्ह्यात होती. या टापूतील घराघरांत मराठी कशी टिकली याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे. २००८ साली बासरला राजीव गांधी ज्ञान तंत्रज्ञान विद्यापीठ निघाले. दहावीनंतर खेड्यापाड्यांतील हुशार मुले तेथे अभियांत्रिकी शिकावयास जातात. त्यामुळे तंत्रज्ञान म्हटले की अभियंता, असे समीकरण या भागात होऊन बसले आहे. ज्याला इमारती किंवा यंत्रे यांपेक्षा गोठा अधिक आवडतो त्या मुलाला मात्र वाटते की हे तंत्रज्ञान आपल्यासाठी नव्हे. त्याच्यासाठीच हा लेख आहे.

पशुवैद्याची मुख्य अडचण अशी की त्याचा रुग्ण बोलत नाही. माणूस म्हणतो, 'काल रात्रीपासून पोटात दुखते.' गाय काही म्हणत नाही. ती वैरण सोडते, कान पाडते, एका बाजूला उभी राहते. हे पाहणारा, ध्यानात ठेवणारा आणि डॉक्टरला नीट सांगणारा जो कोणी असेल, तोच तिची वाणी होय. डॉक्टर गावात नसतो. एकेका दवाखान्याकडे अनेक गावे असतात. म्हणून गोठ्यातून दवाखान्यात जो निरोप जातो त्याच्यावरच पुष्कळ वेळा जनावर वाचणार की दगावणार हे ठरते.

याचा सर्वांत मोठा पुरावा बुळकांडीच्या इतिहासात मिळतो. या रोगाने जुन्या काळी गावेच्या गावे गुरांवाचून ओस पाडली. तिच्यासारख्या रोगांचा अभ्यास करण्यासाठी १८८९ साली पुण्यात एक प्रयोगशाळा स्थापन झाली. पुढे ती हिमालयातील मुक्तेश्वरला हलविण्यात आली, आणि तीच आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था होय. पुढील काळात लस निघाली, लसीकरण झाले, रोग हटत गेला. भारतात बुळकांडीची शेवटची लागण १९९५ साली नोंदली गेली. परंतु रोग दिसत नाही म्हणजे तो नाहीच, असे कोण म्हणणार? त्यासाठी गावोगावी माणसे हिंडली. 'अशी लक्षणे असलेले जनावर तुम्ही शेवटचे कधी पाहिले?' असे गुराख्यांना, शेतकऱ्यांना विचारीत गेली. त्या सांगण्यावर आणि प्रयोगशाळेतील तपासण्यांवर विसंबून २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये सारे जग. देवीच्या रोगानंतर पृथ्वीवरून नाहीसा झालेला हा दुसराच रोग. गुराख्याच्या डोळ्याने पाहिलेली खूण जागतिक संस्थेच्या दप्तरापर्यंत पोहोचली, तीही बव्हंशी पायी व कागदावर. आजचा निरोप क्षणात जातो. तो त्या तोडीचा खरा असतो काय, एवढाच प्रश्न आहे.

आता निरोप कसा असावा ते पाहू. व्हॉट्सॲपवर डॉक्टरांना बहुधा असा मजकूर जातो : 'साहेब, गाय आजारी आहे, लवकर या.' सोबत एक अंधुक छायाचित्र, त्यात गायीची पाठ आणि मागे उभी असलेली मोटारसायकल. यावरून कोणत्याही डॉक्टरला काही कळणार नाही. त्याऐवजी असा निरोप पाहा : 'देवणी गाय, वय सहा वर्षे, पाच महिन्यांची गाभण. काल सायंकाळपासून वैरण सोडली. आज सकाळी सात वाजता ताप १०५.२. रवंथ नाही. गळ्याखाली सूज, हाताला गरम लागते. श्वास घेताना घरघर. गोठ्यात आणखी दोन जनावरे, दोन्ही ठीक. औषध काही दिलेले नाही. पावसाळ्यापूर्वीची लस या वर्षी टोचलेली नाही.' हा निरोप वाचताच डॉक्टरच्या मनात घटसर्पाची शंका येईल आणि तो हातातले दुसरे काम बाजूला ठेवील. कारण घटसर्पात जनावर एकदोन दिवसांत, कधी काही तासांतच दगावते, आणि औषधाचा गुण येतो तो अगदी आरंभी दिले तरच. दोन्ही निरोप पाठवावयास वेळ जवळजवळ सारखाच लागतो. दुसरा लिहिण्यापूर्वी मात्र गायीजवळ पाव तास उभे राहावे लागते.

त्या पाव तासात काय पाहावयाचे? प्रथम दुरून. जनावर कळपाबरोबर आहे की वेगळे, चारही पायांवर सारखा भार देते काय, रवंथ करते काय. मग जवळून, आणि घरातील मोठ्या माणसाने जनावर धरले असेल तरच, ताप. जनावराचा ताप गुदद्वारात तापमापक ठेवून घेतात. निरोगी गायीचा ताप साधारण १०१.५ अंश फॅरनहाइट असतो. म्हणजे आपल्याला ज्या आकड्याला अंथरुण धरावे लागेल तो तिचा नेहमीचा. उन्हात उभ्या असलेल्या किंवा दूर चालून आलेल्या जनावराचा आकडा थोडा वर जातो, म्हणून ते सावलीत निवल्यावर मोजावे. नंतर डाव्या भकाळीवर तळहात दाबून ठेवावा. पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्याची हालचाल तेथे हाताला लागते, मिनिटाला साधारण एकदोन वेळा. ती मुळीच लागत नसेल तर तसे लिहावे. आणि तीच भकाळी ढोलासारखी फुगलेली असेल तर पोटफुगी समजून लिहिणे सोडून थेट फोन करावा. शेणाचा पातळपणा, लघवीचा रंग, दूध किती उतरले आणि त्यात गुठळ्या आहेत काय, हेही पाहावयाचे. हे सर्व प्रथम निरोगी जनावरावर करून पाहावे. ज्याने निरोगी गायीच्या भकाळीवर शंभर वेळा हात ठेवला आहे त्यालाच आजारी गायीची भकाळी कळते. या अभ्यासाला कोणतेही यंत्र लागत नाही, आणि नवशिक्या पशुवैद्याने नेमका तोच टाळलेला असतो, असे जाणते लोक सांगतात.

छायाचित्राचे शास्त्र लहानच आहे. दिवसाच्या उजेडात, सूर्य आपल्या पाठीशी ठेवून, एक चित्र संपूर्ण जनावराचे आणि एक दुखऱ्या जागेचे, अशी दोन घ्यावीत. गाठ किंवा जखम केवढी आहे हे कळावे म्हणून तिच्या शेजारी एखादे नाणे धरावे. नाहीतर लिंबाएवढी गाठ चित्रात नारळाएवढी दिसते. लंगडणे, धाप, थरथर या गोष्टी स्थिर चित्रात येतच नाहीत. त्यांच्यासाठी अर्ध्या मिनिटाचे चलच्चित्र घ्यावे : लंगडणाऱ्या जनावराला कडेने चालवून, आणि धाप लागलेल्याची बरगडी दिसेल असे. त्यात आपण बोलू नये; श्वासाचा आवाज डॉक्टरला ऐकावयाचा असतो. सूज दुसऱ्या दिवशी वाढली की उतरली हे सांगावयाचे असेल तर त्याच जागी, तेवढ्याच अंतरावरून पुन्हा चित्र घ्यावे.

येथे यंत्राच्या एका खोडीची माहिती असणे बरे. व्हॉट्सॲपवरून चित्र पाठविले की ते जलद जावे म्हणून आकुंचित केले जाते आणि त्याचा बारकावा कमी होतो. शिवाय चित्र कधी व कोठे घेतले याची जी नोंद यंत्र आपोआप त्यात ठेवते, तीही गळून पडते. चित्र दस्तऐवज म्हणून पाठविले तर मूळ जसेच्या तसे जाते. म्हणून महत्त्वाचे चित्र असे पाठवावे आणि तारीख व वेळ मजकुरात आपल्या हाताने लिहावी. दुसऱ्याकडून आलेल्या चित्राला तारीख नसते, ही गोष्ट मनात ठेवा. पुढे आपल्याला तिची गरज पडणार आहे.

निरोप कोणाला पाठवावयाचा? प्रथम आपल्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यात. १९६२ हा दूरध्वनी क्रमांक फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी आहे. तेलंगणात ही सेवा २०१७ पासून चालू आहे आणि महाराष्ट्रातही याच क्रमांकावर ती मिळते. फोन करताना जनावराच्या कानातील पिवळ्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक जवळ असावा. हा बिल्ला केवळ खूण नव्हे. त्या क्रमांकाखाली जनावराची जात, वय, टोचलेल्या लशी, कृत्रिम रेतन यांची नोंद 'भारत पशुधन' या संगणकीय नोंदवहीत ठेवली जाते. लाळ-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांविरुद्ध २०१९ च्या सप्टेंबरात देशभर जी मोहीम सुरू झाली तिचा हिशेबही याच क्रमांकांवर चालतो. सांसर्गिक गर्भपाताची लस मादी वासरांना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच टोचतात. ही मुदत चुकली की ती संधी गेली. आपल्या गल्लीतील कालवडींच्या जन्मतारखा एका वहीत, किंवा भ्रमणध्वनीच्या दिनदर्शिकेत, लिहून ठेवणारा एखादा विद्यार्थी असेल तर त्याने डॉक्टरचे अर्धे काम हलके केले असे समजावे. भावी पशुवैद्याने तंत्रज्ञान शिकावे म्हणतो ते हे. नाचगाण्याच्या चित्रफिती करण्यासाठी शिकवणीची गरज कोणालाच पडत नाही.

येथवर आपण निरोप पाठविण्याविषयी बोललो. येणाऱ्या निरोपांची गोष्ट अधिक अवघड आहे.

२००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूची लागण सापडली. भारतातील ती पहिलीच. नवापूरपासून शेकडो कोस दूर असलेल्या, रोगाचा वाराही न लागलेल्या कोंबडीपालकांचा धंदा त्या दिवसांत बसला, कारण लोकांनी कोंबडी व अंडी घेणेच सोडले. नीट शिजविलेल्या मांसापासून धोका नाही, हे सरकार व डॉक्टर सांगत होते. भीती त्यांच्यापुढे धावत होती. त्या वेळी बातमी वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाणी यांतून पसरली. सोळा वर्षांनी, २०२२ च्या ऑगस्टमध्ये, जळगाव जिल्ह्यातून महाराष्ट्रात लम्पी चर्मरोगाची साथ पसरू लागली, तेव्हा प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी होता.

लम्पी हा विषाणूचा रोग आहे. भारतात तो प्रथम २०१९ साली ओडिशात आढळला. डास, चावणाऱ्या माश्या, गोचिडी यांच्यामार्फत तो एका जनावरातून दुसऱ्यात जातो. गायबैलांना अधिक, म्हशींना कमी. ताप येतो, कातडीवर गाठी उठतात, पायांवर सूज येते, दूध आटते. माणसाला तो होत नाही. २०२२ च्या साथीत शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचून त्यांचा बचाव करण्यात आला. त्याच ऑगस्टमध्ये हिस्सार व इज्जतनगर येथील संस्थांनी तयार केलेल्या खास लशीचीही घोषणा झाली. परंतु याच दिवसांत गाठींनी भरलेल्या गायींची चित्रे आणि 'दूध पिऊ नका' असे निरोप या हातातून त्या हातात फिरू लागले. दूध उकळून प्यावे, त्यापासून भय नाही, असे पशुसंवर्धन खात्याला पुन्हा पुन्हा सांगावे लागले. ज्याच्या घरी दोन गायी आणि त्यांच्या दुधावर मुलांची फी, त्याला अशा निरोपाची झळ रोगाच्या आधीच लागते. त्याच्या गायीला काहीच झालेले नसते. गिऱ्हाईक मात्र तुटलेले असते. शिवाय भीती दुसऱ्या वाटेनेही नुकसान करते. गावात बोभाटा होईल, दूध कोणी घेणार नाही, म्हणून मालक आजारी जनावर लपवितो आणि तेवढ्यात माश्या आपले काम करून जातात.

अशा वेळी पशुवैद्य होऊ पाहणाऱ्याने काय करावे? आलेल्या निरोपाकडे त्याने आजारी जनावराकडे पाहावे तसे पाहावे. पाच किंवा त्याहून अधिक हातांतून पुढे सरकलेल्या निरोपावर व्हॉट्सॲप दुहेरी बाणाची खूण दाखविते. २०२० पासून असा निरोप एका वेळी एकाहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येत नाही. ही खूण दिसली की समजावे, पाठविणाऱ्याने स्वतः काही पाहिलेले नाही. मग चित्र. त्याला तारीख नसते हे वर सांगितलेच आहे. गूगलच्या चित्रशोधात ते घालून पाहिले तर पुष्कळदा तेच चित्र दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्याच देशात छापलेले सापडते. मग मजकूर : कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, कोणी तपासले? यांपैकी एकही उत्तर नसेल तर तो निरोप आपल्यापाशीच थांबवावा आणि दवाखान्यात विचारावे. डॉक्टरांनी खुलासा केला की तोच, त्यांच्या नावानिशी व संमतीने, गावाच्या गटावर टाकावा. दहाव्या इयत्तेतील मुलगीही हे काम करू शकते. शेजाऱ्याच्या आजारी गायीचे चित्र मात्र त्याला न विचारता गटावर टाकणे गैर होय, मग हेतू कितीही चांगला असो. डॉक्टरला खासगी पाठविणे वेगळे आणि चव्हाट्यावर मांडणे वेगळे.

यूट्यूबवरील औषधोपचारांबद्दल आमचे मत थोडे कडक आहे. विद्यापीठांनी व संशोधन संस्थांनी केलेली व्याख्याने अवश्य पाहावीत; भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेने लसीकरण, पशुप्रजनन अशा विषयांवर ॲपही केली आहेत, ती उघडून पाहावीत. परंतु 'हे इंजेक्शन द्या, संध्याकाळी गाय उभी' असे सांगणाऱ्या चित्रफितींवरून कोणाच्याही जनावराला काही टोचू नये. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे पशुचिकित्सा करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यालाच आहे. आणि हा नियम केवळ मानासाठी नाही. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची हकीकत ऐका. स्वस्त, गुणकारी, गुरांच्या लंगडण्यावर सर्रास दिले जाणारे औषध. गायीला त्याचा अपाय दिसत नव्हता. परंतु औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत आणि ती मरत. हे कारण २००४ साली उघड झाले. तोवर भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली होती. २००६ मध्ये गुरांसाठी हे औषध बंद करण्यात आले, २०२३ मध्ये किटोप्रोफेन व असिक्लोफेनॅक हीही. मेलॉक्सिकॅम गिधाडांना निर्धोक आहे असे ठरले आहे. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील बेज्जूरच्या जंगलात, पालारापू कड्यावर, २०१३ साली लांब चोचीच्या गिधाडांची वस्ती आढळली. अशा एखाद्या कड्यावरील पिलाचे जगणे पन्नास कोसांवरील गोठ्यात कोणते औषध टोचले यावर अवलंबून असते. पाच वर्षांपूर्वीची चित्रफीत हे काही सांगत नाही. तिच्यात बंद झालेले औषध अजून तसेच टोचले जात असते.

दोन प्रसंगी तर भ्रमणध्वनी खिशातच राहू द्यावा. पहिला पिसाळलेल्या जनावराचा. कुत्रे चावलेली गाय काही दिवसांनी किंवा महिन्यांनी लाळ गाळू लागते, विचित्र हंबरते, तिला गिळता येत नाही. घशात काही अडकले असेल म्हणून मालक तोंडात हात घालतो. तिच्या लाळेत रेबीजचे विषाणू असतात आणि हातावर लहानशी जखम असली तरी पुरते. एकदा लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग बहुधा जीव घेतोच, मग तो गायीचा असो की माणसाचा. अशा जनावराचे जवळून चलच्चित्र घेण्याचा मोह प्राणघातक ठरेल. दूर राहावे, इतरांस दूर ठेवावे, फोन करावा. आणि कोणाच्या अंगाला लाळ लागली असेल तर ती जागा साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याला त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात न्यावे. दुसरा प्रसंग एकाएकी मेलेल्या, नाकातोंडातून व गुदद्वारातून काळपट रक्त वाहणाऱ्या जनावराचा. ती काळपुळी असू शकते. तिचे जंतू हवा लागताच टिकाऊ बीजरूप घेतात आणि मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. म्हणून असे प्रेत उघडू नये, ओढत नेऊ नये, कातडे काढू देऊ नये. डॉक्टर येईपर्यंत कुत्री व माणसे दूर ठेवणे एवढेच करावयाचे.

शिक्षणाच्या वाटेविषयी थोडक्यात सांगतो. बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र लागते. पदवीचा अभ्यास साडेपाच वर्षांचा असून त्यात एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत आणि देशभरातील पंधरा टक्के राखीव जागांसाठी नीट परीक्षेचे गुण पाहतात. आपल्या भागाला जवळची म्हणजे परभणी व उदगीर. तेलंगणाच्या बाजूस कोरुटला, मामनूर आणि हैदराबादजवळचे राजेंद्रनगर. रहिवासाचे नियम राज्याराज्यांत वेगळे असल्याने सीमेवरील मुलांनी ते अकरावीतच वाचून ठेवावेत, आणि तेही विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर. प्रवेशाच्या दिवसांत 'जागा मिळवून देतो, पैसे पाठवा' असे निरोप भ्रमणध्वनीवर येतात. त्यांची परीक्षा वर सांगितलेल्या रीतीनेच करावी.

एक गोष्ट राहिली, आणि आमच्या दृष्टीने बासरच्या मुलांचे खरे भांडवल तेच आहे. दवाखान्यातील डॉक्टर तेलुगू बोलणारे, मालक मराठी, आणि बाजारातला व्यापारी उर्दू, असा प्रसंग या भागात रोजचा. शेतकऱ्याने 'फऱ्या' म्हटले आणि ऐकणाऱ्याला तो शब्दच ठाऊक नसला, तर उत्तम भ्रमणध्वनी असूनही निरोप पोहोचत नाही. भाषांतर करणारी यंत्रे अशा घरगुती शब्दांवर हमखास ठेच खातात. म्हणून आम्ही सुचवितो की एक वही करावी. डाव्या बाजूस मराठी नाव, उजव्या बाजूस तेलुगू. लाळ-खुरकूत म्हणजे गालिकुंटु. घटसर्प म्हणजे गोंतुवापु. 'गोंतु' म्हणजे घसा, 'वापु' म्हणजे सूज. फऱ्या म्हणजे जब्बवापु. 'जब्ब' म्हणजे खांदा. दोन्ही भाषांतील खेडुतांनी रोगाला नाव देताना डोळ्यांना काय दिसले तेच टिपले आहे, हे त्या वहीत आपोआप ध्यानात येईल. डॉक्टरांकडून तपासून घेऊन तिची छायाचित्रे गावच्या गटावर ठेवता येतील, आणि नव्या रोगांसाठी खाली काही ओळी कोऱ्या सोडाव्यात. लम्पीला तेलुगूत 'मुद्द चर्म व्याधी' असे नाव पडले आहे, 'मुद्द' म्हणजे गोळा. मराठी खेड्यांत मात्र अजून लम्पीच म्हणतात.